अण्णा कुणाचं ऐकत नाहीत

आमच्या घरमालकांना वरच्या मजल्यावरून मला बोलवायचं असलं, की ते जिना चढत नाहीत, हाक मारत नाहीत आणि बेल तर मुळीच वाजवत नाहीत. ते खाली मीटरपाशी जातात आणि आमचं मेन स्विच पाडतात. पंखा थांबतो, मिक्सर थांबतो, चटणी अर्धी वाटलेली राहते आणि मी जिना उतरतो. अण्णा स्विचवर हात ठेवून उभे असतात.

"आलास मास्तर? उद्या पाणी येणार हाय. टाकी धुऊन घे."

एवढं सांगून ते स्विच वर करतात. लाईट एकदा गेली तर साधं काम आणि लागोपाठ दोनदा गेली तर तातडीचं. लाईट गेल्यावर वीज कंपनीचा उद्धार न करता आधी चप्पल शोधणारं सोलापुरात आमचं एकच घर असावं.

मल्लय्या अण्णा मूळचे विणकर. पूर्व भागात त्यांचं दुमजली घर आहे. खाली चार यंत्रमागांचा छोटा कारखाना, त्याच्या मागं अण्णांची खोली आणि वर आम्ही. चारांतले दोन माग कायमचे बंद आहेत. उरलेल्या दोहोंवर सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत टॉवेल निघतात. पत्नी नरसम्मा वारल्या, मुलगा सुरतेला असतो. अण्णांच्या घरात सकाळी उठल्यावर त्यांच्याशी बोलायला असतात ते हे दोन माग.

घर बघायला आलो तेव्हा मला मिशी होती. मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. पुस्तकं उशिरा परत करणाऱ्यांवर वचक बसावा इतपत ती मिशी भरघोस होती. अण्णांनी माझ्या तोंडाकडं बराच वेळ निरखून पाहिलं आणि म्हणाले, "मिशी काढ. मग चावी."

"का हो?" मी विचारलं.

"हां, नळ मागल्या बाजूला हाय."

मी बायकोकडं पाहिलं. अनिता पोस्टात नोकरीला असल्यामुळं तिला झटपट निर्णय घेता येतात. ती म्हणाली, "घर हवेशीर आहे. मिशी काय, परत येईल."

घराला सहा वर्षं झाली. मिशी अजून यायची आहे.

अण्णांशी बोलणं ही स्वतंत्र विद्या आहे. "नमस्कार अण्णा, बरंय ना?" असं जाता जाता विचारलं, तर "सहाला बंद करतो की" असं उत्तर येतं. सुरुवातीला मला वाटलं, हा माणूस फार खोल आहे. ज्ञानी लोक प्रश्नाला थेट उत्तर देत नाहीत, असं मी बऱ्याच पुस्तकांत वाचलं होतं. गल्लीचं निदान माझ्याइतकं पुस्तकी नव्हतं. "अण्णा कुणाचं ऐकत न्हाईत," एवढंच गल्ली म्हणायची. म्हणजे हट्टी आहेत, हेकट आहेत, त्यांच्या नादी लागू नका.

त्यांचं स्वतःचं म्हणून एकच वाक्य होतं आणि ते सगळ्याला पुरायचं. "धागा कुटं तुटला ते बघ आदी." पाण्याची मोटार बंद पडली, शेजारच्या घरात सासू-सुनेचं वाजलं, भारताचे चार गडी पन्नाशीच्या आत बाद झाले, तरी अण्णांचा सल्ला हाच. चिडू नको, माग थांबव, धागा कुठं तुटला ते बघ.

मागं एकदा आमच्या भागातल्या एका मंडळानं ज्येष्ठ विणकर म्हणून त्यांचा सत्कार केला. फ्लेक्सवर अण्णांचा फोटो बोराएवढा आणि मंडळाच्या अध्यक्षांचा कलिंगडाएवढा होता. पाच मान्यवर दोन-दोन शब्द बोलले, त्यात तासभर गेला. मग प्रमुख पाहुणे उठले. श्रोते जांभया देत होते, पोरं खुर्च्या मोजत होती. व्यासपीठावर अण्णा मात्र पाहुण्यांच्या ओठांकडं एकटक बघत बसले होते. इतका तल्लीन श्रोता पाहुण्यांना आयुष्यात मिळाला नसावा, कारण त्यांनी भाषण आणखी वीस मिनिटं वाढवलं. शेवटी शाल आली. अण्णांनी तिचा काठ अंगठा आणि बोटाच्या चिमटीत चोळून पाहिला आणि त्यांच्या समजुतीप्रमाणं हळूच, पण मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले, "पॉलिस्टर हाय बे. भायेरचा माल."

सत्कार तिथंच संपला.

आम्हाला जुळं झालं तेव्हा पहिला विरोध माझ्या आईनं नोंदवला. ती करकंबहून बाळंतपणासाठी आली होती. खालचा खडखडाट ऐकून ती म्हणाली, "आगं बया, ह्या दणक्यात लेकरं झोपायची कशी? जा, त्या मालकाला सांग, दुपारच्याला बंद ठेवा म्हणावं."

मी खाली गेलो. "अण्णा, बाळं झोपत नाहीत. दुपारी माग बंद ठेवाल का?"

अण्णांनी माझ्या तोंडाकडं पाहून आनंदानं मान हलवली. "व्हय की! ठेवतो की!"

त्या दुपारी त्यांनी जेवणाच्या सुटीतही माग चालू ठेवले.

आई पदर खोचून खाली भांडायला निघाली होती. जिन्याच्या तोंडाशी थांबली, कारण दोन्ही झोळ्या शांत झाल्या होत्या. दोन्ही बाळं दवाखान्यातून घरी आल्यापासून पहिल्यांदाच एका वेळी झोपली होती. तेव्हापासून खटाक्-खटाक् हीच आमची अंगाई झाली आणि अण्णांनी जेवायची सुटी सोडून दिली. ते भाकरी मागाशेजारी उभ्यानं खाऊ लागले.

मुलगी सात मिनिटांनी मोठी. तिचं नाव रेवा आणि मुलाचं रोहन. ही दोन नावं ठरवायला दोन्हीकडच्या नातेवाइकांच्या तीन बैठका झाल्या आणि एक मावशी कायमची रुसली. अण्णांनी हे काम एका मिनिटात उरकलं. एक नंबर आणि दोन नंबर. मागांना नावं नसतात, नंबर असतात. रोहनला 'दोन नंबर' म्हणणं अनिताला पसंत नव्हतं, कारण दोन नंबरचा म्हटलं की लोकांना भलताच धंदा आठवतो. तिनं अण्णांना तसं सांगितलंही. अण्णा म्हणाले, "व्हय, गोरा हाय."

जुळी असलेल्या घरात घड्याळाला अर्थ नसतो. एकाचं दूध संपेपर्यंत दुसऱ्याला भूक लागते, दुसऱ्याचं दुपटं बदलेपर्यंत पहिल्याचं ओलं होतं आणि मोठी माणसं त्या दोघांच्या मधून मागावरच्या धोट्यासारखी इकडून तिकडं फिरत राहतात. एकदा आईनं रोहनला अंघोळ घातली, मी पुसून गुंडाळून ठेवला आणि आईनं त्यालाच उचलून पुन्हा न्हाऊ घातलं. मुलगा आणि मुलगी यांतला फरक आम्हाला कळत नव्हता असं नाही, पण झोप नसलेल्या माणसाला काहीही होऊ शकतं. रोहन दिवसभर चकाकत होता. रेवा तशीच राहिली. तिची काही तक्रार नव्हती.

तिची कधीच काही तक्रार नसायची. रोहन कानाशी भोंगा वाजावा तसा रडायचा आणि शेजारच्या झोळीत रेवा गाढ झोपलेली असायची. बघायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "एक रडलं की दुसरं रडतं, असं असतं जुळ्यांचं. तुम्ही नशीब काढलंत." मी कॉलेजात अभिमानानं सांगायचो की आमचं एक बाळ ग्रंथालयाचे नियम वाचूनच जन्माला आलंय.

रोहन कुणालाच आवरेना झाला, की आम्ही त्याला खाली अण्णांकडं द्यायचो. इतर माणसं रडणारं बाळ "भूक लागली वाटतं" म्हणून परत देतात. अण्णा त्याला छातीशी धरून दोन मागांच्या मधून येरझाऱ्या घालत. तो टाहो फोडायचा आणि यांच्या कपाळावर आठी नसायची. आई म्हणायची, "ह्या माणसाचं काळीज लई मोठं हाय बघ."

पाचवा महिना लागला होता. एका दुपारी खरोखरच लाईट गेली. माग थांबले. त्याबरोबर रोहन दचकून उठला आणि रडायला लागला. रेवा झोळीत झोपलेली होती. पाचेक मिनिटांनी जिन्यावर पावलं वाजली आणि दारात अण्णा उभे राहिले. सहा वर्षांत ते पहिल्यांदा वर आले होते. डोक्यावर कापसाची भुरभुर होती.

ते थेट झोळीपाशी गेले. "ही उठली नाय?"

"गुणाची हाय माजी बाय," आई म्हणाली.

"माग थांबल्यावर पोरगं गुणाचं ऱ्हात नसतंय," अण्णा म्हणाले. "या गल्लीत पोरं कमी नाय बघितली मी. मागावर झोपत्यात, माग थांबला की उठत्यात. लाईट गेली की आख्खी गल्ली रडती. ही कशी उठली नाय?"

आम्ही हसलो. अण्णा हसले नाहीत, खाली गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी माग मधेच थांबले. लाईट होती. रोहन उठला, रेवा झोपून. अण्णा वर आले, झोळीत बघून गेले. तिसऱ्या दिवशीही तेच झालं. चौथ्या दिवशी त्यांनी हुकूम केला, "हिला झोळीत नको. खाली गोधडीवर झोपव."

आम्ही तिला फरशीवर गोधडी टाकून झोपवलं. खाली माग थांबले. रेवा ताबडतोब जागी झाली आणि रडू लागली. आईला इतका आनंद झाला, की ती जिन्यातच अण्णांना आडवी गेली. "बगा! उठली का न्हाय? उगं लेकराला नावं ठेवू नका!"

अण्णा रडणाऱ्या रेवाकडं बघत उंबऱ्यावर बसले. माग बंद असलेल्या कारखान्यात ते बसतात तसे, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

"धागा सापडला," ते म्हणाले. "फरशीवर उठती. झोळीत उठत नाय. ती कानानं ऐकत नाय. पाठीनं ऐकती. फरशी हालायची थांबली ते कळलं तिला."

"लेकराला भैरी म्हणतासा?" आई कडाडली. "जिभंला काय हाड?"

मलाही राग आला. "अण्णा, पाठीनं कुणी ऐकतं का? तुम्हाला काय माहीत?"

अण्णा माझ्या ओठांकडं बघत होते. मी बोलायचा थांबलो तरी जरा वेळ बघत राहिले.

"मी तसंच ऐकतो की," ते म्हणाले. "माग बिघडला तर पायाला कळतं. माणूस काय बोलतो ते तोंडावर बघायचं. मागाच्या दणक्यात आमी सगळेच तसं बोलायचो. मिशी असली की ओठ दिसत नाय."

माझा हात आपोआप मिशीच्या जागी गेला.

"माझं कधी गेलं, मलाच ठावं नाय. हळूहळू गेलं. लोक म्हणायला लागली, अण्णा हट्टी झालाय. मला वाटलं, झालो असंल. नरसम्माला एकटीला कळलं. ती समोर येऊन बोलायची. कुणाला सांगितलं नाय तिनं. माझी लाज राखली." मग ते अनिताकडं वळले. "हिची राखू नका अम्मा. आजच जावा."

अनितानं रेवाला उचललं. रेवा तिच्या ओठांकडं बघत होती. ती आम्हा सगळ्यांकडं तशीच बघायची. आम्ही त्याला हुशारी म्हणत होतो.

सुशिक्षित माणूस अशा वेळी जे करतो ते मी केलं. दोन दिवस मोबाईलवर वाचत बसलो आणि प्रत्येक पानागणिक जास्त घाबरलो. अनितानं तेवढ्या वेळात तपासणीची वेळ घेतली. कमी वजनाची म्हणून दोघांना जन्मल्यावर काचेच्या पेटीत ठेवलं होतं. तेव्हाच, पुढं कान तपासायला घेऊन या असं आम्हाला सांगितलं होतं. तो कागद मला माझ्याच एका पुस्तकात खूण म्हणून घातलेला सापडला.

तपासणी झोपेतच करतात. रेवा त्या शांत खोलीत मांडीवर सहज झोपली. दोन्ही कानांनी बरंच कमी ऐकू येतं, पण अगदीच येत नाही असं नाही, असं निघालं. यंत्र लावलं, घरचे भरपूर बोलत राहिले, तर बोलायला शिकेल. "या वयात आलात हे फार चांगलं केलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लक्षात कुणाच्या आलं?"

"घरमालकांच्या," अनिता म्हणाली.

"तेही डॉक्टर आहेत?"

"नाही. टॉवेल विणतात."

त्यांनी अण्णांनाही घेऊन यायला सांगितलं. अण्णा म्हणाले, "बघू की." म्हणजे नाही.

आई त्या चार दिवसांत अण्णांशी बोलली नव्हती. निकाल कळल्यावर तिनं सकाळी धपाटे केले, ताट घेऊन खाली गेली आणि अण्णांच्या अगदी समोर उभी राहून, एकेक अक्षर सुटं करत म्हणाली, "माजं. चुकलं."

अण्णांनी ते नीट वाचलं. मग ताटात बघून म्हणाले, "दही नाय आणलं?"

यंत्रं आली. कानामागं बसतील अशी, करंगळीच्या पेराएवढी दोन. पहिला आठवडा ती रेवाच्या कानात कमी आणि रोहनच्या तोंडात जास्त होती. आई एकेक यंत्र धुऊन काढायला निघायची आणि अनिता तिच्या हातातून ओढून घ्यायची. डॉक्टरीणबाईंनी बोलत राहा असं सांगितल्यामुळं घरात कुणी गप्प बसेना. मी रेवाला वर्तमानपत्रातले अग्रलेख वाचून दाखवायचो. ती यंत्र उपटून काढायची आणि मला त्यात गैर वाटायचं नाही. पण हाकेला ती वळत नव्हती. टाळीला नाही, ताटलीला नाही. थांबा, वेळ लागतो, असं सांगितलेलं होतं. आम्ही थांबलो होतो आणि एकमेकांकडं बघायचं टाळत होतो.

एका सुटीच्या दुपारी रेवा अनिताच्या मांडीवर खुळखुळा चघळत बसली होती. यंत्रं कानाला होती. झोळीत रोहन उठला आणि त्यानं नेहमीचा सूर लावला.

रेवाचा हात थांबला. खुळखुळा तोंडातून निघाला. तिनं आधी अनिताच्या ओठांकडं पाहिलं. ते बंद होते. मग आईच्या, मग माझ्या. कुणाचेच हलत नव्हते. मग तिची मान हळूहळू झोळीकडं वळली, खालचा ओठ बाहेर आला, थरथरला आणि ती भोकाड पसरून रडायला लागली. तिचं ऐकून रोहननं आवाज चढवला. त्याचं ऐकून तिनं.

जुळ्यांचे आईबाप ज्या गोष्टीला सगळ्यात जास्त घाबरतात, ती आमच्या घरात पहिल्यांदा घडली होती. आई उचलायला धावली तर अनितानं तिचा हात धरला. "थांबा हो आई. रडू दे जरा." तीही रडत होती आणि हसत होती.

मी दोन-दोन पायऱ्या सोडत खाली पळालो.

कारखाना बंद होता. अण्णा खाटेवर बसून फोनवर बोलत होते. सुटीच्या दिवशी त्यांचा मुलगा श्रीनिवास सुरतेहून फोन करतो. हा संवाद मी खिडकीतून कितीदा तरी ऐकलेला आहे. "हां. हां. बरं बरं. येतो की. हां."

मी त्यांच्या समोर बसलो. "अण्णा, रेवा रडली! रोहनचं ऐकून रडली!"

त्यांनी मला पुन्हा म्हणायला लावलं. मग तिसऱ्यांदा. फोन धरलेला त्यांचा हात खाली आला. त्यातून आवाज येतच होता. अण्णा त्या फोनकडं बघत राहिले, मग माझ्याकडं, आणि तो त्यांनी माझ्यापुढं धरला.

"बघ की जरा मास्तर. काय म्हणतोय त्यो?"

मी फोन घेतला आणि वीतभर लांब धरला, कारण पलीकडचा माणूस ओरडत होता. मी नाव सांगितल्यावर तो तेलुगूतून मराठीत आला. "नानांना काय झालं?" तेलुगूत वडिलांना नाना म्हणतात.

"काही नाही. तुम्ही काय म्हणत होतात ते सांगा. मी त्यांना सांगतो."

"दर वेळचंच हो. हितं या म्हणतो. खोली करून ठेवलीय, पोरगा आजोबा कधी येणार विचारतो. दर फोनला येतो, येतो म्हणत्यात आणि येत नाय. चार वर्सं झाली. यायचं नसंल तर नाय म्हणा की. हो कशाला म्हणता?"

मी ते अण्णांच्या समोर, सावकाश, एकेक शब्द सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत माझे ओठ सोडले नाहीत.

"मी येतो म्हटलो?"

"दर वेळी."

अण्णांनी खांद्यावरच्या टॉवेलला तळहात पुसले. "मला वाटायचं, पाऊसपाणी विचारतोय."

वर दोन्ही बाळांचा दंगा चालूच होता.

"सांग त्याला, येतो म्हणून."

"दर वेळी हेच सांगतात म्हणतोय."

"मग तू सांग. तुझं पटंल त्याला."

मी सांगितलं. पलीकडं खळबळ उडाली. कुणाला तरी हाका, भांडं पडल्याचा आवाज, मग पुन्हा श्रीनिवास, आधीपेक्षाही मोठ्यानं, गाडी कुठली, कधीची, कोण बसवून देणार. अण्णा फोनकडं वाकून बघत होते.

"मास्तर, आवाज कसा झालाय रे त्याचा?"

"मोठा," मी म्हणालो. "एकदम तुमच्यासारखा."

अण्णांनी मान हलवली.

"ल्हान होता तवा लई बारीक होता."